ट्रेनिंगवाल्यांनी एचआरमध्ये जावं, पण टाइम ऑफिसच्या दारानं

गेल्या महिन्यात त्र्यंबक रोडवरच्या एका सभागृहात कारखान्यांतल्या एचआरच्या मंडळींची बैठक होती. विषय नव्या कामगार संहितांचा. प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा मागच्या रांगेतून एक बाई उभ्या राहिल्या. अंबडच्या एका कारखान्यात ९ वर्षं त्या ट्रेनिंग बघतात. त्यांचा प्रश्न संहितांबद्दल नव्हताच. ‘‘कंपनी म्हणते, ट्रेनिंगला वेगळा माणूस आता परवडत नाही, तुम्ही जनरल एचआरमध्ये या. मी जावं का? आणि गेले, तर निभेल का?’’ पुढचा अर्धा तास सभागृह दोन बाजूंना वाटलं गेलं. पांढऱ्या केसांच्या बाजूनं सांगितलं, की ट्रेनिंग म्हणजे प्रोजेक्टर, टाळ्या आणि फीडबॅक फॉर्म. एचआर म्हणजे कायदा, युनियन आणि लेबर कोर्ट. तिकडे येऊ नका, हात पोळतील. तरुण बाजूनं सांगितलं, की एचआर म्हणजे शेवटी माणसंच ना, तुम्ही ९ वर्षं माणसांतच वावरलात. एखादं ऑनलाइन सर्टिफिकेट करा, नावाखालचं पद बदला, जमून जाईल. बाई उभ्याच होत्या. या ९ वर्षांत त्यांनी नेमकं काय केलं, हे एकानंही विचारलं नाही.

हा वाद दरवेळी असाच भलत्या प्रश्नावर चालतो. मी सातपूरच्या एका कारखान्यात १४ वर्षं ट्रेनिंगमध्ये काढली आणि पुढची ११ एचआरमध्ये. दोन्ही बाजूंची उत्तरं मी स्वतः कधी ना कधी दिलेली आहेत, म्हणून ती दोन्ही चुकीची आहेत हे जबाबदारीनं म्हणतो. माझं मत आधीच सांगतो. ट्रेनिंगमधल्या माणसानं एचआरमध्ये जावं. नाशिकच्या कारखान्यांना आज अशा माणसांची गरज आहे. पण त्यानं मॅनेजरच्या केबिनमधून सुरुवात करू नये. टाइम ऑफिसच्या, म्हणजे हजेरी, रजा आणि पगाराच्या नोंदी ठेवणाऱ्या खोलीच्या दारानं आत शिरावं आणि एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंत तरी तिथे बसावं. ज्याची ही तयारी नाही त्यानं ट्रेनिंगमध्येच राहावं, आणि जी कंपनी हे करू देणार नाही तिनं त्याला बोलावू नये.

हा एका नोकरदाराच्या बढतीचा खासगी प्रश्न वाटू शकतो. पण सातपूर, अंबड, गोंदे, सिन्नर या पट्ट्यात कोणाला कायम करायचं, कोणाला ‘ब्रेक’ देऊन सेवा तोडायची, कोणाची रजा बिनपगारी धरायची, अपघाताच्या अहवालात चूक कोणाची लिहायची, हे सगळं एका टेबलावर ठरतं. जुने कामगार आजही त्या टेबलाला एचआर म्हणत नाहीत, ‘पर्सनल’ म्हणतात. ‘तुला पर्सनलला बोलावलंय’ एवढं ऐकलं की माणसाच्या पोटात गोळा येतो. त्या टेबलामागे कोण बसतं याच्याशी या शहरातल्या हजारो घरांचा संबंध आहे. त्यात आता नवी भर पडली आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४९ व्या कलमानुसार ५०० किंवा अधिक कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी नेमावा लागे. नव्या संहितेनं ती मर्यादा २५० वर आणली आहे. म्हणजे आजवर एक अकाउंटंट आणि एक बाहेरचा सल्लागार यांच्यावर निभावून नेणारे मधल्या आकाराचे कारखानेही आता अशी माणसं शोधणार. त्या पदाला पात्रतेच्या अटी आहेत आणि त्या पाळल्याच पाहिजेत. पण पात्र ठरलेल्यांतून निवड करताना कोणता अनुभव वजनदार धरायचा? लेबर कोर्टाच्या तारखांचा, की मशीनपाशी उभं राहून पोरांना शिकवण्याचा?

विरोध करणाऱ्यांचं जे खरं आहे ते आधी मान्य करतो. ट्रेनिंगमधून आलेल्याला कायदा आणि हिशोब येत नाही, यात काडीचंही खोटं नाही. मला ग्रॅच्युइटीचं सूत्र पाठ होतं: शेवटचा पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. पण सेवेची वर्षं मोजायची कशी? ले-ऑफचे, म्हणजे कारखान्यात काम नाही म्हणून घरी बसवलेले दिवस धरायचे का? बेकायदा ठरलेल्या संपाचे? पहिल्याच निवृत्तीच्या हिशोबात मी एका हेल्परचे ले-ऑफचे दिवस वजा केले. पूर्ण वर्षांच्या वरचे ७ महिने त्यामुळे ४ वर आले, आणि ६ महिन्यांहून जास्तीचा काळ पूर्ण वर्ष धरतात या नियमाचा फायदा त्याच्या हातून जाणार होता. म्हणजे आयुष्यभर राबलेल्या माणसाचे १५ दिवसांचे पैसे माझ्या अज्ञानानं बुडत होते. चूक पकडली ती टाइम ऑफिसमधल्या क्लार्कनं.

पण हा आक्षेप किती लांब नेता येतो? कायदा कोणी आईच्या पोटातून शिकून येत नाही. समाजकार्याची एमएसडब्ल्यू किंवा पर्सोनेल मॅनेजमेंटची पदवी घेऊन आलेली मुलंसुद्धा हजेरी, रजा, ईएसआय म्हणजे कामगारांचा आरोग्यविमा, आणि पीएफ त्याच क्लार्कच्या बाजूला खुर्ची ओढून शिकतात. आणि आजची वेळ तर वेगळीच आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ केंद्रीय कायद्यांच्या जागी ४ संहिता आल्या. पगाराची व्याख्या बदलली. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले की वरचा भाग पगारातच मोजायचा. मुदतीच्या करारावरच्या कामगाराला एका वर्षात ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. नोकरी सुटली की कामाच्या २ दिवसांत हिशोब चुकता करायचा. ३० वर्षं पर्सनलमध्ये काढलेले अधिकारीही आज नव्यानं पाटी घेऊन बसले आहेत. सगळेच विद्यार्थी झालेले असताना, ज्याचा जन्म शिकण्या-शिकवण्यात गेला त्यालाच ‘तुला येत नाही’ म्हणून दारात अडवायचं? शिवाय या बदलांचा कस कोर्टात लागण्याच्या कितीतरी आधी शिफ्ट बदलताना गेटवर लागणार आहे. पीएफची कपात वाढली आणि हातात पगार कमी आला, तर ‘असं का?’ याचं उत्तर ४०० माणसांना १० मिनिटांत, त्यांच्या भाषेत, एकही आकडा न दडवता द्यावं लागेल. ते कोणाला जमतं?

दुसरी एक अडचण मला याहून गंभीर वाटते, आणि ती फारसं कोणी बोलून दाखवत नाही. ट्रेनिंगवाल्याला प्रत्येक दुखण्यावर सेशन हाच उपाय दिसतो. मी ट्रेनिंगमध्ये असताना एका वर्षी फेब्रुवारीत असेंब्ली लाइनवर गैरहजेरी फार वाढली. वरून निरोप आला, ‘कमिटमेंट’वर सेशन घ्या. मी मनापासून तयारी केली, बॅचेस केल्या, गोष्टी सांगितल्या, शेवटी सगळ्यांनी उभं राहून शपथही घेतली. फीडबॅक फॉर्मवर पाचपैकी पाच. मार्चमध्ये गैरहजेरी तेवढीच. मग टाइम ऑफिसमधल्या क्लार्कनं माझ्यासमोर मस्टर, म्हणजे हजेरीपट उघडला आणि नावांवरून नुसतं बोट फिरवलं. निम्म्याहून जास्त नावं दिंडोरी आणि निफाडकडची. घरची द्राक्षं काढणीला आलेली. त्यात भर म्हणजे आदल्याच महिन्यात सेकंड शिफ्टची दिंडोरीकडची बस बंद झाली होती. रात्री बाराला शिफ्ट सुटल्यावर माणूस घरी जाणार कसा, हे कोणी विचारलं नव्हतं. माझ्या सेशनमध्ये ही माणसं गुपचूप बसली, टाळ्या वाजवल्या, शपथ घेतली. खरं कारण सांगायची ती जागाच नव्हती.

ही गोष्ट मी अनेकदा आठवतो, कारण ट्रेनिंगच्या खोलीचा दोष तिच्यात पुरा उघडा पडतो. तिथे बसून माणसाच्या मनाबद्दल खूप काही कळतं, पण त्याची बस, त्याचं शेत, त्याच्या आईचं डायलिसिस, त्याच्या कर्जाचा हप्ता यातलं काही कळत नाही. हे सगळं मस्टरमध्ये असतं. लाल शेऱ्यांमध्ये, अर्ध्या दिवसांमध्ये, ॲडव्हान्सच्या अर्जांमध्ये असतं. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजण्याच्या ४ पायऱ्या सांगितल्या: शिकणाऱ्याला कसं वाटलं, तो काय शिकला, त्याचं वागणं बदललं का, आणि कामावर परिणाम काय झाला. ट्रेनिंगमधले आम्ही बहुतेक जण पहिल्या पायरीवरच थांबतो, कारण उरलेल्या पायऱ्यांच्या किल्ल्या दुसऱ्या खात्याकडे असतात. म्हणून मी टाइम ऑफिसचा आग्रह धरतो. दिवाळीच्या बोनसपासून सुरुवात करावी. मग वर्षअखेरीच्या रजांचा हिशोब, द्राक्षांच्या काढणीतली गैरहजेरी, एप्रिलमध्ये बदलणारी ईएसआयची वर्गणीची सहामाही, पावसाळ्यातली पेरणीची रजा, आयटीआयच्या परीक्षांनंतर येणारी ॲप्रेंटिसची नवी बॅच, आणि त्या वर्षी युनियनशी करार असेल तर गेट मीटिंगा. एवढं एक चक्र पुरं झालं की माणसाला कारखान्याची नाडी कळते. कोणत्या सर्टिफिकेटमध्ये हे बसवणार?

आणि आता सगळ्यात अवघड आक्षेप. शिकवणारा आणि शिक्षेच्या कागदावर सही करणारा एकच माणूस असावा का?

माझ्याकडे पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून कापणारं मशीन, शिकलेला एक मुलगा होता. पेठ तालुक्यातून आलेला, हुशार, हाताला फार स्वच्छ. मी बॅचमध्ये नेहमी सांगायचो, चूक झाली तर लपवू नका, लगेच सांगा. लपवलेली चूक बोटं नेते. मी एचआरमध्ये गेलो आणि तिसऱ्या महिन्यात त्याच प्रेसवर त्याच्या जोडीदाराच्या बोटाला इजा झाली. प्रेसला दोन हातांची बटणं असतात, दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. त्यातलं एक बटण अडकवून ठेवलेलं होतं. या मुलानं त्याच संध्याकाळी स्वतःच्या हातानं लिहून दिलं, बटण मी अडकवलं होतं. तोच कागद त्याच्या चार्जशीटचा पहिला पुरावा झाला. चार्जशीटवर सही माझी. ते हातात घेताना तो आवाज न चढवता म्हणाला, ‘‘सर, तुम्हीच सांगितलं होतं ना, लपवू नका.’’

त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या खोलीत चूक कबूल करणं सुरक्षित असतं तिथेच माणूस शिकतो, आणि मी ती सुरक्षितता मोडली होती. आपल्या देशात या धोक्याची ओळख जुनी आहे. मुंबईच्या गिरण्यांमध्ये जॉबर होता. तोच गावाकडून माणसं आणायचा, तोच मागावर शिकवायचा, तोच रजा द्यायचा, दंड करायचा, अडीनडीला व्याजानं पैसे द्यायचा आणि कामाला लावल्याबद्दल दस्तुरी घ्यायचा. शिकवणारा, पोसणारा आणि काढणारा एकच. १९२९ मध्ये कामगारांच्या प्रश्नांसाठी नेमलेल्या व्हिटली आयोगानं १९३१ च्या अहवालात भरतीचे अधिकार जॉबरकडून काढून लेबर ऑफिसरकडे द्यायला सांगितलं. आजच्या एचआरचं एक मूळ त्या शिफारशीत आहे. पुढे कल्याण अधिकाऱ्याचं पद आलं, तेव्हा अनेक राज्यांच्या नियमांत अशी तरतूद झाली, की या अधिकाऱ्यानं कामगाराविरुद्धच्या शिस्तभंगाच्या प्रकरणात व्यवस्थापनातर्फे उभं राहू नये. एकाच माणसाला एका हातानं पाठ थोपटता आणि दुसऱ्या हातानं नोटीस देता येत नाही, हे कायदा करणाऱ्यांनाही उमगलं होतं. मग ट्रेनिंगवाल्यानं एचआरमध्ये जाऊ नये हेच सिद्ध होतं का?

मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण त्याच मुलाच्या प्रकरणात आहे. कामात चूक झाली की कारखान्यात एकच प्रश्न उरतो: याला येत नाही, की हा करत नाही? येत नसेल तर शिकवायचं, करत नसेल तर शिक्षा करायची. ट्रेनिंगमधल्या माणसाचं सगळं आयुष्य या दोन्हींतला फरक ओळखण्यात जातं. कायद्याच्या वाटेनं आलेल्या माणसाला हा फरक फाइलमध्ये शोधावा लागतो, आणि फाइलमध्ये बहुधा ‘करत नाही’ हेच लिहिलेलं असतं, कारण फाइल त्यासाठीच उघडलेली असते. या मुलाला दोन बटणांचं काम येत होतं. त्याच्या कौशल्याच्या नोंदीवर माझीच सही होती. मग त्यानं बटण अडकवलं का? चौकशी बाहेरच्या वकिलांकडे होती. मी वेगळं बसून प्रेसची रोजची उत्पादनाची पत्रकं काढली. त्या शिफ्टला जेवढे नग मागितले जात होते तेवढे दोन्ही बटणं दाबून निघूच शकत नव्हते; मशीनपाशी घड्याळ लावून उभा राहिलो तेव्हा खात्री पटली. बटण अडकवण्याची रीत त्या मुलाच्या आधीपासूनची होती आणि सुपरवायझरला ठाऊक होती. म्हणजे ‘येत नाही’ आणि ‘करत नाही’ यांच्याशिवाय तिसरीही एक गोष्ट असते: करू देत नाहीत. ट्रेनिंगच्या खोलीतून मला पहिल्या दोनच दिसायच्या. तिसरी दिसायला उत्पादनाची पत्रकं मागवण्याचा अधिकार लागतो, आणि तो पर्सनलच्या खुर्चीला असतो. ती दिसल्यावर काय शोधायचं हे मात्र मला ट्रेनिंगनं शिकवलं होतं. मुलाला ताकीद मिळाली, नोकरी राहिली. नगांचं उद्दिष्ट खाली आलं आणि बटणांना अडकवता न येणारी झाकणं बसली.

तरीही त्या चार्जशीटवर मी सही करायला नको होती. ज्याला आपण शिकवलं त्याच्या शिस्तभंगाच्या कागदावर आपली सही नसावी, त्याच्या चौकशीत आपण नसावं, आणि वर्गात सांगितलेली चूक पुरावा म्हणून वापरली जाऊ नये, एवढे नियम कंपनीनं लेखी केले तर हा आक्षेप बऱ्याच अंशी निवतो. मी पुढे ते आमच्याकडे करून घेतले. जॉबरची आठवण काढणाऱ्यांनी हेही बघावं, की त्याच्या हातात शिकवणं आणि काढणं एकत्र होतं एवढाच त्याचा दोष नव्हता. त्याच्यावर कोणता नियम चालत नव्हता आणि त्याच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायला जागा नव्हती. आज स्थायी आदेश, म्हणजे नोकरीच्या अटींचे लेखी नियम आहेत, चौकशीची रीत आहे, कोर्ट आहे. या चौकटीत शिकवणाऱ्याची नजर आणली तर जॉबर परत येत नाही.

उलट ती नजर बाहेर ठेवल्यानं काय होतं ते नाशिकमध्ये, पुण्यात, औद्योगिक महाराष्ट्रात सगळीकडे बघायला मिळतं. ‘ट्रेनी’ हा शब्द बघा. ॲप्रेंटिस कायदा १९६१ चा. ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेनं त्यांच्या अडीच ते पंधरा टक्के ॲप्रेंटिस घ्यावेत, असं आजचा नियम सांगतो. हेतू चांगला आहे. काही वर्षं ‘नीम’ या सरकारी प्रशिक्षण योजनेतली मुलंही अशीच आली. पण कितीतरी लाइनवर ट्रेनी म्हणजे कायम कामगाराच्याच शेजारी, तेच काम, निम्म्याहून कमी पैशांत करणारा मुलगा, आणि तो काय शिकला याची नोंद कुठेच नाही. हे इतक्या सहज का चालतं? कारण ट्रेनीची संख्या एचआर ठरवतं आणि शिकवण्याची जबाबदारी ट्रेनिंग विभागाची असते. संख्या ठरवणाऱ्याला शिकवण्याचं ओझं नाही. शिकवणाऱ्याला संख्येवर बोलायचा अधिकार नाही. ज्यानं मुलांच्या हातात पहिल्यांदा फाइल म्हणजे कानस आणि मापं घ्यायचं व्हर्नियर दिलं आहे, तो त्या टेबलावर बसला तर ‘या ६० जणांना शिकवणार कोण आणि कधी?’ असं विचारल्यावाचून राहणार नाही. हा प्रश्न विचारणारा माणूस तिथे बसवणं, एवढं एकच कारण मला पुरेसं वाटतं.

ही भिंत आपल्याकडे पूर्वीपासून नव्हती. १९४५ मध्ये युद्धातून परतणाऱ्या सैनिकांना कामधंद्याला लावण्यासाठी केंद्राच्या श्रम खात्यात पुनर्वसन आणि रोजगार महासंचालनालय सुरू झालं, तेव्हा त्या खात्याची धुरा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होती. माणसाला कसब देणं आणि काम देणं एकाच छपराखाली. पुढची कितीतरी वर्षं आयटीआयचा केंद्रातला कारभार श्रम मंत्रालयाकडेच होता. २०१५ मध्ये तो कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेला. कंपन्यांमध्ये १९७५ च्या सुमारास उदय पारीक आणि टी. व्ही. राव या व्यवस्थापनाच्या प्राध्यापकांच्या सल्ल्यानं लार्सन अँड टुब्रोनं मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग उभारला. माणसाच्या वाढीकडे हजेरी-पगाराच्या धबडग्यात दुर्लक्ष होतं, म्हणून त्या कामाला वेगळी जागा द्यायची, हा विचार मोलाचाच होता. पण पुढे ठिकठिकाणी वेगळ्या जागेची वेगळी जात झाली. विकासवाले इंग्रजी बोलणारे, एसीत बसणारे. पर्सनलवाले रजिस्टर आणि युनियनवाले. मंदी आली की पहिली कुऱ्हाड ट्रेनिंगवर, कारण कामगाराच्या रोजच्या जगण्याशी त्याचा धागा तुटलेला. त्या बाईंना ‘परवडत नाही’ असं सांगितलं गेलं, त्याची मुळं इथे आहेत.

राहिला प्रश्न चांगला शिक्षक गमावण्याचा. हाडाचा मास्तर मुख्याध्यापक झाला की वर्ग ओस पडतो आणि कार्यालयही धड चालत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण देवळालीकडे बघा. तिथलं स्कूल ऑफ आर्टिलरी, म्हणजे लष्कराची तोफखान्याची शाळा, नाशिककरांना तोफांच्या आवाजावरून ओळखीचं आहे. तोफखान्यातला अधिकारी तिथे गनरीचा, म्हणजे तोफांच्या माऱ्याचा मोठा अभ्यासक्रम करून शिक्षक होतो, काही वर्षं शिकवतो आणि पुन्हा रेजिमेंटमध्ये जातो. शिकवण्याची नेमणूक मानाची असते, आणि ती कायमची नसते. शिकवून आलेला अधिकारी रेजिमेंटला कमी दर्जाचा वाटत नाही, आणि रेजिमेंटमधून आलेल्यालाच शिकवू देतात. कारखान्यात हे का होऊ नये? एचआरमधल्या माणसानं ३ वर्षांनी वर्षभर ट्रेनिंग सेंटरला यावं, ट्रेनिंगमधल्यानं टाइम ऑफिसला जावं. आपण ट्रेनिंगला एकदा आत गेलं की बाहेर न येण्याची खोली करून ठेवली, म्हणून तिच्यातून निघणं म्हणजे पळून जाणं वाटतं.

तरुण बाजूला मात्र एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. ‘मला माणसं आवडतात’ ही एचआरची पात्रता नाही. ट्रेनिंगमध्ये तुमच्यासमोर बसलेल्या कोणाचंही तुमच्यामुळे काही जात नाही, म्हणून तो तुमच्यावर प्रेम करतो. एचआरमध्ये तुम्ही ‘नाही’ म्हणता तेव्हा कोणाच्या तरी मुलीची फी थांबते. त्या ‘नाही’च्या मागे नियम आहे, हिशोब आहे, तोच नियम साहेबाच्या भाच्यालाही लावला आहे, हे समोरच्याला दिसावं लागतं. औद्योगिक संबंध संहितेत कामगार पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे: कपात झालेल्या कामगारासाठी मालकानं त्याचा १५ दिवसांचा पगार भरायचा आणि तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यावर जमा व्हायचा. कायद्यानं इथे नोकरी जाणं आणि नव्यानं शिकणं एकाच कलमात आणून ठेवलं आहे. पण १५ दिवसांच्या पैशांत ४५ वर्षांचा प्रेस ऑपरेटर काय शिकणार, कुठे शिकणार, सातपूरच्या आयटीआयमध्ये त्याला कोण उभं करणार, हे कलम सांगत नाही. तिथे एचआरच्या खुर्चीत असा माणूस लागेल, ज्याला कपातीचं पत्र बिनचूक लिहिता येतं आणि चाळिशी उलटलेला हात नवं मशीन कसं शिकतो हेही ठाऊक असतं.

बैठक संपल्यावर त्या बाई खाली चहाच्या टपरीपाशी भेटल्या. मी त्यांना म्हणालो, मॅनेजरचं पद आत्ता घेऊ नका, ग्रेड आणि पगार आहे तोच ठेवून वर्षभर टाइम ऑफिस मागा, दिवाळीच्या आधी रुजू व्हा म्हणजे बोनसपासून सगळं हाताखालून जाईल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, डायरीत काहीतरी लिहिलं आणि मग विचारलं, ‘‘पण सर, मी तिकडे बसले तर माझी गुरुवारची ॲप्रेंटिसची बॅच कोण घेणार? २२ मुलं आहेत, अजून फायलिंगपाशीच आहेत.’’ मी म्हटलं, ती बॅच सोडू नका. बदलीचं पत्र घ्याल तेव्हा गुरुवारचे दोन तास त्यात लिहून घ्या.